जवळचा कॅमेरा, लांबचा कॅमेरा

माझ्या लग्नाचे फोटो मावशीने काढले, आणि ते तिला काढू कोणी दिले यावरून आमच्या घरात अजून भांडण होतं. ठरलेला फोटोग्राफर ऐन वेळी तापाने आडवा झाला. कोणीतरी म्हणालं, "घरात कॅमेरेवाली असताना बाहेर कशाला शोधताय?" ते कोणीतरी कोण, हे आता कोणी कबूल करत नाही. फोटो हातात आले तेव्हा मी आणि नवरा मोठ्या हौसेने शेजारी शेजारी बसलो. पहिल्या फोटोत माझी अंगठी, तिच्या बाजूला एक नाणं. दुसऱ्यात नवऱ्याच्या बुटाचा उसवलेला टाका, बाजूला नाणं. मग हॉलच्या पडद्याला पडलेलं भोक, पाहुण्यांच्या खुर्चीचा तडकलेला पाय, सासऱ्यांच्या कोटाचं लोंबणारं बटण, आणि प्रत्येकाच्या बाजूला तेच नाणं. हनुवटीच्या वर कोणीच नव्हतं. नवऱ्याने गठ्ठा पुन्हा एकदा चाळला आणि तो म्हणाला, "लग्न झालंय एवढं नक्की. कोणाचं ते मात्र कळत नाही."

फोटो म्हणजे माणसाचा चेहरा, असं मानणाऱ्यांतली मी. त्यामुळे मी चांगली महिनाभर मावशीशी धड बोलले नाही. तिला त्याचा पत्ताही लागला नाही. ती उलट मलाच विचारत होती, "पडद्याचं भोक किती स्वच्छ आलंय, बघितलंस का?"

तिची बाजू घ्यायची तर तिचं कामच तसलं. जुन्या इमारती तपासणाऱ्या एका कंपनीत ती टायपिस्ट म्हणून लागली होती. तिथला भेगांचे फोटो काढणारा माणूस एकदा शिडीवरून उतरला तो परत चढलाच नाही. म्हणाला, माझं डोकं गरगरतं. मावशीचं डोकं कधी कशानेच गरगरत नाही, त्यामुळे शिडी आणि कॅमेरा दोन्ही तिच्या वाट्याला आले आणि टाइपरायटर मागे पडला. निवृत्त होईपर्यंत ती भिंतींना नाक लावून फिरत राहिली. भेगेशेजारी नाणं धरायचं, म्हणजे बघणाऱ्याला भेग केवढी ते कळतं. मग दर महिन्याला तिथेच उभं राहून तसाच फोटो काढायचा आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवायचा. "भेगा सगळ्यांनाच असतात गं," ती म्हणायची. "ती वाढतेय का, एवढंच बघायचं."

तिचा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा. कोपऱ्यांवरचा चंदेरी रंग उडून आतलं काळं दिसायला लागलेलं. लांबचं त्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. रस्त्यापलीकडचा माणूस त्यात तांदळाच्या दाण्याएवढा यायचा. पण जवळचं दाखवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. बोटभर अंतरावरून तो मुंगीच्या मिशाही दाखवायचा. माझ्या मुलीला पहिला दात आला, तेव्हा मावशीने तो दात असा टिपला, की डॉक्टरांच्या पुस्तकात छापावा. मुलगी मात्र त्यात नव्हती. दात होता, हिरडी होती आणि नाणं होतं.

ही मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. त्यांचे आईवडील लवकर गेले, आणि आई लग्न करून आली तेव्हा मावशीला हाताला धरूनच आली. माझे वडील म्हणायचे, "मी एक बायको मागितली होती, मिळाली दीड." वडील गेल्यानंतरही त्या दोघी त्याच दोन खोल्यांत राहिल्या, तिसऱ्या मजल्यावर. रस्त्याकडच्या खिडकीशी आईचं शिलाई मशीन. ती लोकांचे कपडे लहानमोठे करून देते, बाह्या आखूड कर, कंबर सैल कर. आतल्या खोलीत मावशीचा पलंग आणि एक जुना कॉम्प्युटर, त्यात जगभरच्या भेगा. दोघी दिवसभर भांडतात. डब्याचं झाकण कोणी हरवलं, रेडिओ कोणी मोठा केला, खिडकी कोणी उघडी टाकली. मी त्यांच्याकडे गेले आणि घरात शांतता असली, की मला आधी काळजी वाटते, कोणीतरी आजारी तर नाही.

त्या खिडकीबाहेरच भिंतीला एक भेग आहे. वरून खाली आलेली, रुंद, इमारतीतल्या सगळ्यांनी बघून बघून डोळ्याआड केलेली. मावशीने मात्र तिला कधी डोळ्याआड होऊ दिलं नाही. कंपनीतले इंजिनिअर साहेब हे तिच्या सोबतचेच. त्यांच्याकडेच आमच्या इमारतीची तपासणी होती, आणि दर महिन्याला मावशी त्यांना आपल्या भेगेचा फोटो पाठवायची. इथे नाणं धरायला हात पोचत नसे. पण भेगेच्या पुढून पाण्याचा एक बारीक पाइप वर गेलेला आहे, भिंतीपासून वीतभर सुटा, लोखंडी पट्ट्यांवर टेकवलेला. त्या पाइपच्या जाडीशी भेग ताडून बघायची. नाण्याचं काम पाइप करायचा. भेग पाइपच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी दिसायची, वर्षानुवर्षं तेवढीच.

हा फोटो काढणं म्हणजे एक कसरत होती. मावशी कमरेपर्यंत खिडकीबाहेर, हात लांब, हातात तो साबण. आणि मागून आई तिची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. धरता धरता आईच्या तोंडाचा पट्टा सुरू. "पडलीस तर मी काही खाली उतरून उचलायला येणार नाही हं. गुडघे दुखतात माझे."

"तू बोलू नकोस, कॅमेरा हलतो."

"मी तुला धरलंय, कॅमेऱ्याला नाही."

हे बघून माझ्या तोंडचं पाणी पळायचं. म्हणून मावशी निवृत्त झाली तेव्हा मी ठरवलं, हिला लांबून फोटो काढता येईल असा कॅमेरा घ्यायचा.

दुकानदाराने काउंटरवर दोन कॅमेरे मांडले. दोन्ही खिशात मावणारे. एकाची काच मोठी आणि उजळ. घरात, दिव्याखाली, संध्याकाळच्या अंधूक प्रकाशातही तो छान फोटो काढायचा, आणि जवळचं तर फारच सुरेख. पण लांबचं त्याच्या आवाक्यात नव्हतं. दुसऱ्याची सोंड बाहेर यायची ती येतच राहायची. मी दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बसलेला कावळा बघितला, तर त्याच्या चोचीतला काडीचा तुकडा दिसला. मात्र दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात त्याच कॅमेऱ्याने काढलेला फोटो भुरकट आणि हललेला आला.

"कशाचे फोटो काढायचेत?" दुकानदाराने विचारलं. "घरातले? प्रवासातले? लहान मुलांचे?"

"भेगांचे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे जरा जपून बघितलं. मग म्हणाला, "दोन्ही चांगले आहेत, ताई. कॅमेरा काय, दोघांतला कोणताही घ्या. तुम्ही कुठे उभ्या राहणार त्यावर सगळं आहे." मला राग आला. गिऱ्हाइकाने सरळ प्रश्न विचारावा आणि दुकानदाराने प्रवचन द्यावं, हे मला सहन होत नाही. मी लांब सोंडेचा उचलला आणि बाहेर पडले. तो माणूस किती खरं बोलला होता, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

मावशीने खोका उघडला आणि तोंड फुगवलं. "माझा काय मेलाय का?" आठवडाभर नवा कॅमेरा कपाटावर बसून राहिला. मग एके सकाळी ती तो घेऊन खाली उतरली आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत आलीच नाही. रस्त्यापलीकडे किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी आहे. त्याच्या स्टुलावर बसून ती पाण्याच्या टाक्या बघत होती, तारांवरचे पक्षी बघत होती, कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पाटीवरचा उडालेला रंग बघत होती. आणि माणसं! माणसांकडे तिने जन्मात कॅमेरा धरला नव्हता. जवळ गेलं की माणसं आखडतात, आणि माणसं आखडली की मावशीही आखडते, हे मला तेव्हा समजलं. लांबून कोणीच आखडत नव्हतं. किल्लीवाला म्हणाला, "मावशी, सांभाळून हं. एखाद दिवशी मार खाल."

त्या महिन्याचा भेगेचा फोटोही तिने तिथूनच काढला, स्टुलावर आरामात बसून. खिडकी नाही, लोंबकळणं नाही. आई वरून म्हणाली, "सुटले बाई एकदाची." पण नंतर ती उगाचच खिडकीशी घुटमळत होती, आणि हातांना काम नसल्यासारखं पडदे सारखे करत होती.

मी खूश होते. माझ्या भेटीने एक जीव वाचवला, असं मी नवऱ्याला दोनदा तरी ऐकवलं.

पंधरा दिवसांनी साहेब घरी आले. त्यांना सगळे हेल्मेट म्हणतात, कारण ते चहा प्यायलाही हेल्मेट काढत नाहीत. छताखाली बसायचं तर डोकं झाकूनच, असं त्यांचं मत. मनुष्य अतिशय भला. त्या दिवशी त्यांनी चहाला हात लावला नाही. त्यांनी दोन फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आधीच्या महिन्याचा आणि या महिन्याचा. आधीच्या फोटोत भेग पाइपच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती. नव्यात ती पाइपच्या जवळजवळ निम्म्याएवढी दिसत होती.

"एका महिन्यात?" मावशीने दोन्ही फोटो जवळ ओढले.

"दुसरे कोणाचे फोटो असते तर मी दहा शंका काढल्या असत्या," साहेब म्हणाले. "पण तुमच्या फोटोंवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत आलोय, मॅडम. भिंत चालायला लागली आहे. इमारत रिकामी करावी लागेल."

दारावर नोटीस लागली, महिन्याभराची मुदत. माझ्या घरी एकच खोली आणि स्वयंपाकघर. आई आली तर पुढच्या भागात पलंग टाकता आला असता, दुसरा टाकायला खरोखर जागा नव्हती. तरीही नवरा मनापासून म्हणाला, "दोघीही या, मी गॅलरीत झोपतो." मावशीने ते उडवून लावलं. "जावयाला गॅलरीत झोपवून मला झोप यायची नाही." ती एका चुलत मामाकडे जाणार असं ठरलं. मामा दुसऱ्या गावी, रेल्वेने अख्खा दिवस. इमारत पुन्हा कधी बांधली जाईल, जाईल की नाही, कोणाला माहीत. त्या वयात दोन बहिणी दोन गावांना गेल्या, की त्या पुन्हा एका छताखाली येत नाहीत. हे आम्हा तिघींनाही कळत होतं. मी आवरायला गेले तेव्हा घरात शांतता होती. झाकणावरूनसुद्धा कोणी भांडत नव्हतं. मला ते ऐकवेना.

खोके भरायच्या आधी मावशीने घराचे फोटो काढायला घेतले. बटणांचा डबा, दाराची कडी, मशीनची पायाने दाबायची झिजलेली पट्टी, हे जुन्या कॅमेऱ्याने. खोल्या नव्या कॅमेऱ्याने, जिन्याच्या टोकाला उभं राहून, दारातून आत बघत. आई मशीनवर बसलेली होती, गिऱ्हाइकांचे शेवटचे कपडे संपवत. तिचे फोटो मात्र दोन्ही कॅमेऱ्यांनी काढले गेले, कारण मावशीला कोणता चांगला येईल ते ठरवता येईना. दुपारी मी ते सगळे कॉम्प्युटरवर लावले. आई चष्मा पुसत पुसत मागे येऊन उभी राहिली. जवळच्या फोटोत बघते तर तिची हनुवटी आणि तीवरचा केस.

"हा काय माझा फोटो? आणि हे घड्याळ बघ. या फोटोत कुठे कोपऱ्यात पडलंय लिंबाएवढं. आणि त्या दुसऱ्यात माझ्या डोक्यावर येऊन बसलंय, परातीएवढं. एका दिवसात घड्याळ वाढलं का?"

"आई, तसं नसतं. हा जवळून काढलाय, तो लांबून. जवळून काढला की पुढचं मोठं दिसतं आणि मागचं लहान. लांबून काढला की…"

मी बोलत होते, पण मावशी ऐकत नव्हती. ती स्क्रीनकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं हिला चक्कर येतेय. तिला, जिचं डोकं कधी गरगरलं नाही.

"ताई, धर मला," ती म्हणाली.

जुना कॅमेरा घेऊन ती खिडकीकडे धावली. आईने काही विचारलं नाही. वर्षानुवर्षांची सवय. मावशी कमरेपर्यंत बाहेर गेली आणि आईचे हात आपोआप तिच्या कमरेला जाऊन बसले. मावशी आत आली, तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला, आणि पाइपवर नख टेकवून बघितलं. एकदा, परत एकदा. भेग पाइपच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच होती.

पाइप भिंतीच्या पुढे आहे. हात लांब करून जवळून फोटो काढला, की पाइप जाड दिसतो आणि मागची भेग त्यामानाने बारीक. रस्त्यापलीकडून काढला, की दोघांत तेवढा फरक राहत नाही, आणि तीच भेग रुंद दिसते. दोन्ही कॅमेरे आपापल्या जागी खरं बोलत होते. त्यांची साक्ष एकमेकांशेजारी ठेवली, तिथे सगळं फसलं.

मावशी खाली बसली, कपड्यांच्या ढिगावर. "भिंत नाही हलली गं, ताई," ती म्हणाली. "मी हलले." आणि मग ती रडायला लागली. मी तिला आयुष्यात प्रथम रडताना बघितलं. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेला पहिला नियम, जागा सोडायची नाही, तो स्वतःच्या घराच्या भिंतीपाशी तिने मोडला होता, आणि तोही स्टूल मऊ होतं म्हणून.

आई तिच्या शेजारी बसली. "रडतेस काय? राहणार आहोत ना आपण?"

"ते अजून साहेबांनी सांगायचंय."

"मग आधी फोन कर. रडायचं नंतर बघू."

साहेब तासाभरात आले. मावशीने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता, उभ्याने, शाळेतल्या मुलीसारखं. साहेबांनी एक डोळा मिटला आणि अंगठा आधी नाकाजवळ, मग लांब धरून ते खिडकीकडे बघत राहिले. मग ते हसायला लागले. "तुम्ही कुठून काढलात हे मीही विचारलं नाही. रोज दुसऱ्यांना विचारतो." थोड्या वेळाने मात्र ते गंभीर झाले. "पण माझं ऐका. फोटोंवर मी एकदा फसलोय, परत नाही फसणार. भेग नवी हललेली नाही असं वाटतंय. पण आधीही ती मी समजत होतो त्यापेक्षा रुंदच होती, एवढं आता कळलं. तेव्हा काच लावू."

काच लावणं म्हणजे भेगेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत काचेची पातळ पट्टी चिकटवायची. भिंत जरा जरी सरकली, तर काच तडकते. तिला ना जवळचं कळतं ना लांबचं. गाडीवरची उंच शिडी आली, माणूस वर चढला, पट्टी लागली. ऊन, थंडी, सगळ्यांतून भिंत गेली पाहिजे, मगच निकाल, असं साहेबांनी सांगितलं. तोपर्यंत नोटीस दारावरच राहणार होती, फक्त तिच्यावर 'तूर्त स्थगित' असा शिक्का पडला. खोके अर्धे भरलेले, अर्धे रिकामे. चमचे बाहेर, चादरी आत. आई एखादी वस्तू शोधायला लागली, की ती नेमकी दोरी बांधलेल्या खोक्यात असायची.

आणि आता साहेबांना दर महिन्याला काचेचे फोटो दोन लागायचे, एकाच वेळी, एकाच उन्हात. लांबचा रस्त्यापलीकडून, जवळचा खिडकीतून. मावशीला दोन ठिकाणी उभं राहता येणार नव्हतं.

"मी?" आई म्हणाली. "मला सुईत दोरा ओवायला तुम्ही लागता. मी काय फोटो काढणार?"

पण तिने काढले. कंबर धरायचं काम माझ्याकडे आलं, आणि महिन्यातून एकदा मी त्यासाठी आवर्जून जायला लागले. मावशी खालून ओरडायची, "ताई, श्वास रोखून धर!" आई वरून ओरडायची, "श्वास रोखला तर बोलू कशी?" पहिल्या वेळी तर आईने कॅमेरा भिंतीकडे वळवायच्या आधीच बटण दाबलं. अख्खा रस्ता आला. तो फोटो पुसून टाकायला ती विसरली.

थंडी सरली, ऊन तापलं, आणि शेवटच्या फोटोचा दिवस आला. साहेब मावशीसोबत किल्लीवाल्याच्या टपरीपाशी उभे होते. मी वर आईला धरून. मावशीने लांब सोंड बाहेर काढली, फोटो काढला, आणि पडद्यावर तो मोठा करून साहेबांना दाखवला. मग दोघांच्याही माना तशाच खाली राहिल्या. मी वरून बघत होते. साहेबांनी हळूच डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

हेल्मेट काढलेला तो माणूस मी कधी बघितला नव्हता.

"काय झालं?" मी ओरडले.

मावशीने वर बघितलं. किल्लीवाल्यानेच ओरडून सांगितलं, "काचेवर रेघ दिसतेय!"

आई बाहेर वाकलेलीच होती. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलंही नाही. ती आणखी पुढे सरकली, इतकी, की मी जीव मुठीत धरून दोन्ही पाय भिंतीला टेकवले. जुना कॅमेरा तिने पोचेल तेवढा पुढे नेला. खट् असा आवाज झाला. ती आत आली आणि कॅमेरा माझ्यापुढे धरला, कारण तिचा चष्मा कपाळावर चढला होता. "बघ, मला दिसत नाही. लवकर बघ."

मी फोटो मोठा केला. काचेवर एक रेघ होती खरी, केसासारखी, तिरपी. ती काचेच्या काठाशी थांबली नव्हती. काठ ओलांडून हवेतून पाइपपर्यंत गेली होती, आणि तिच्या टोकाला आठ पायांवर एक टिचभरही नसलेला कोळी बसला होता, पायांवरच्या लवेसकट.

"कोळी आहे!" मी खिडकीतून ओरडले. "जाळ्याचा धागा आहे! काच अख्खी आहे!"

लांबच्या कॅमेऱ्याला रेघ दिसली, ती कशाची आहे ते जवळच्याला दिसलं. माझा जीव भांड्यात पडला. आई मात्र हसत सुटली. पुन्हा खिडकीबाहेर वाकली, हातात कॅमेरा, चष्मा कपाळावर, आणि खाली बघून हसत हसत ओरडली, "अगं रडूबाई, कोळ्याला घाबरलीस!" मी तिच्या मागे, तिची कंबर धरून, माझंही हसू आवरेना. साहेब तरीही वर आले, स्वतःच्या डोळ्यांनी कॅमेऱ्यातला कोळी बघितला, खिडकीतून वाकून काच बघितली, मग हेल्मेट परत डोक्यावर चढवलं आणि चहा मागितला. जाताना दारावरची नोटीस त्यांनी स्वतः काढली आणि घडी करून खिशात टाकली. "झोपली आहे भेग," ते म्हणाले. "बुजवून टाकू, आणि काच राहू दे."

त्या संध्याकाळी खोके उघडताना पहिलं भांडण झालं, चहाच्या गाळणीवरून. मला ते इतकं गोड वाटलं, की मी मध्ये पडले नाही.

आता त्यांच्याकडे गेलं, की मशीनच्या वरच्या भिंतीवर, घड्याळाखाली, दोन फोटो दिसतात. एक आईने काढलेला पहिला, चुकून आलेला. सगळा रस्ता त्यात आहे, तारा आहेत, बेकरीची पाटी आहे, आणि टपरीपाशी तांदळाच्या दाण्याएवढी मावशी, डोळ्याला कॅमेरा लावलेली. आईला तो फार आवडतो. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती टाचणीच्या टोकाने दाखवते, "ही माझी बहीण."

दुसरा मावशीने त्या शेवटच्या दिवशी खालून काढलेला. मी "कोळी आहे" म्हणून ओरडले, त्यानंतरच्या क्षणाचा. खिडकीतून अर्धी बाहेर आलेली आई, कपाळावर चष्मा, तोंड भरून हसणारी, एक दात नाही तोही दिसतोय. हनुवटी आहे आणि हनुवटीच्या वरचं सगळं आहे. मावशीने काढलेला माणसाचा असा पूर्ण, हसरा चेहरा मी दुसरा बघितलेला नाही. मी तो बघत उभी राहिले, आणि सवयीने माझी नजर चौकटीच्या कडेला गेली.

"मावशी," मी चिडवलं, "नाणं राहिलं की गं."

ती आतून बटणांचा डबा आणत होती. ती थांबलीही नाही.

"नाणं कशाला?" ती म्हणाली. "ताई केवढी आहे ते मला माहीत आहे."